बायोस आणि नकुलरावांचा शेवटचा नाग

एका जंगलात एक बीळ होतं आणि त्या बिळाच्या भिंती फार पातळ होत्या. हे आधीच सांगून ठेवते, मुलांनो, कारण जाड भिंतींच्या घरात गोष्टी घडत नाहीत. घडल्या तरी सुनेपर्यंत पोचत नाहीत.

त्या दिवशी भिंतीतून आलेलं वाक्य असं होतं :

“तिला नका हो विचारू. तिला कळत नाही त्यातलं काही. पोरगी गोड आहे, पण मुखदुर्बळ.”

वाक्य कुमुदिनीबाईंचं होतं. कुमुदिनीबाई म्हणजे त्या बिळातल्या थोरल्या मुंगसीण. आणि ज्या सुनेबद्दल ते होतं, ती ऋजुता, पाण्याची घागर घेऊन नेमकी भिंतीच्या या बाजूला पोचली होती.

वाक्यात वाईट काही नव्हतं. ‘गोड’ हा शब्दसुद्धा होता. ‘मुखदुर्बळ’ही एक वेळ ठीक. ऋजुता अडखळली ती ‘त्यातलं’ या शब्दाशी.

त्यातलं म्हणजे कशातलं?

मग तिला आठवलं. पाण्याला जाताना लॅपटॉप ओसरीवरच राहिला होता.

घागर हिंदकळली.

आता घागर हिंदकळतेच आहे तोवर थोडं मागचं सांगते. ऋजुताचं लग्न होऊन तीन महिने झाले होते. या तीन महिन्यांत सासरच्यांनी तिच्या तोंडून तीनच वाक्यं ऐकली होती. ‘हो आई’, ‘बरं बाबा’ आणि ‘अजून वाढू?’ यावरून सगळ्यांनी असा निष्कर्ष काढला की तिच्याकडे एवढीच तीन वाक्यं आहेत.

तिच्याकडे वाक्यं पुष्कळ होती. पण ती बोलायला तोंड उघडायची, तोवर त्या घरातलं दुसरं कोणीतरी बोलून मोकळं व्हायचं. मुंगूस हा चपळ प्राणी आहे, मुलांनो. बोलण्यातही.

लग्नानंतरचे पहिले पंधरा दिवस पाहुण्यांची रीघ होती. नवी सून बघायला घोरपड आली, ससे आले, तरसीणबाई तर दोनदा येऊन गेल्या. पाहुण्यांसमोर सुनेने मान खाली घालून बसायचं, अशी रीत. मान खाली घातली की मांडी दिसते. म्हणून ऋजुताने मांडीवर लॅपटॉपची माहितीपुस्तिका ठेवली आणि पंधरा दिवसांत ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढली. पाहुणे म्हणाले, किती लाजाळू आहे! साऱ्या जंगलात ती पुस्तिका शेवटपर्यंत वाचलेली ती एकटीच. पुस्तिका लिहिणाऱ्यानेही वाचली नसावी.

लॅपटॉप तिचा माहेरचा होता. जुन्या घडणीचा, बॅटरी खालून निघणारा. त्यावर ती नकाशे काढायची. पलीकडच्या जंगलात पाणवठा कचेरी आहे. कुठल्या तळ्यात पाणी उरलंय, कुठली वाट अजून ओली आहे, याचे नकाशे त्यांना उन्हाळ्यात लागतात. कचेरीने तिला सहा महिने उमेदवार म्हणून घेतलं होतं. शेवटचा नकाशा आज सूर्य मावळायच्या आत पोचला, की नोकरी कायम. नाही पोचला, तर यादीत खाली एक पाणकोंबडी उभीच होती.

घरात या कामाला ‘चित्रं’ म्हणत.

“सून काय करते?” शेजारीण विचारायची.

“चित्रं काढते. छान काढते हो,” कुमुदिनीबाई कौतुकाने सांगायच्या.

शेवटचा नकाशा आज सकाळीच पुरा झाला होता. एकदा नजरेखालून घालायचा आणि पाठवायचा, एवढंच राहिलं होतं. पण त्याआधी पाणी भरायला हवं म्हणून ती उठली. नोकरी कायम होणार होती, पण घागर आजच रिकामी होती.

बास. एवढं मागचं पुरे. आता ओसरीवर चला.

ओसरीवर सरडेभाऊ बसले होते. लॅपटॉप तापतो म्हणून कुमुदिनीबाईंनी त्यांना बोलावलं होतं.

सरडेभाऊ म्हणजे जंगलातले लॅपटॉप दुरुस्त करणारे. दुकान कुंपणाच्या खांबावर. विद्याही साधारण तिथपर्यंतच. पण माणूस उत्साही. कुठलंही दुखणं घेऊन जा, ते पाहण्याआधीच ते मान हलवत. आधी मान, मग डोळे. त्यामुळे समोरच्याला फार धीर यायचा.

त्यांच्याकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं. सशाच्या लॅपटॉपचं बटण निघालं. सरडेभाऊ म्हणाले, बायोस जुना झालाय. अस्वलाच्या लॅपटॉपमध्ये मध सांडला. सरडेभाऊंनी चाटून पाहिलं आणि म्हणाले, बायोस.

आता बायोस म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला हवं. लॅपटॉप सुरू केला की सगळ्यांच्या आधी जो उठतो, तो बायोस. उठल्या उठल्या तो घरभर फिरतो. कीबोर्ड जागेवर आहे? आहे. पडदा आहे? आहे. पंखा? आहे. मग म्हणतो, चला, उठा रे सगळे. त्यानंतर दिवसभर तो कुणाच्या नजरेला पडत नाही. पण तो उठला नाही, तर घरात कुणीच उठत नाही.

असा एक बायोस प्रत्येक घरात असतो. मुंगसांच्या घरात तो म्हणजे कुमुदिनीबाई.

आणि बायोस अपडेट करणं म्हणजे कुमुदिनीबाईंना त्या झोपेत असताना स्वयंपाकाची नवी पद्धत शिकवणं. जमत नाही असं नाही. पण शिकवणी अर्ध्यावर असताना कुणी हलवलं, तर जुनी पद्धत गेलेली असते आणि नवी आलेली नसते. मग त्या उठतच नाहीत. चूल थंड. सगळे अंथरुणातच.

म्हणून पुस्तिकेत ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं : गरज नसेल तर करू नका. करायचाच असेल तर बॅटरी आत ठेवा, चार्जर लावून ठेवा आणि संपेपर्यंत कशालाही हात लावू नका.

ऋजुताच्या लॅपटॉपला गरज नव्हती. तो तापायचा, हे खरं. पंखा फुसफुसायचा, हेही खरं. पण का, ते तिला ठाऊक होतं. कुमुदिनीबाईंनी स्वतःच्या हातांनी शिवलेली एक मऊ गोधडी नव्या सुनेला दिली होती. “त्या मशीनखाली घाल गं. गार जमिनीवर बिचारं कसं राहणार?” गोधडीत लॅपटॉपच्या हवेच्या जाळ्या बुडायच्या आणि गोधडीवरची मुंगसांची लव पंख्यात जायची. लॅपटॉप मायेने गुदमरत होता.

हे सासूबाईंना कसं सांगायचं? ऋजुताकडच्या तिन्ही वाक्यांपैकी एकही तिथे बसत नव्हतं.

तर ती ओसरीवर आली आणि पाहिलं. गोधडीवर लॅपटॉप. शेजारी काढून ठेवलेली बॅटरी. चार्जरची काळी वायर भिंतीपर्यंत गेलेली. पडद्यावर एक पट्टी सरकत होती आणि तिच्यावर लिहिलं होतं : ४१ टक्के. बंद करू नका.

“या वहिनी, या!” सरडेभाऊ हिरवेगार झाले होते. काम चालू असलं की ते हिरवे होत. “तुमचं काम होत आलं. बायोस फारच जुना होता. बाबा आदमच्या वेळचा.”

“बॅटरी का हो काढलीत?” हे ऋजुताने नाही विचारलं. तिचे सासरे नकुलराव यांनी विचारलं. ते ओसरीच्या कोपऱ्यात उन्हाला बसले होते.

“फुगते, काका. अपडेटचा भार आला की बॅटरी फुगते. मागच्या महिन्यात बेडकाच्या घरी गेलो होतो. काढायची राहिली. नंतर कळेचना, बॅटरी कुठली आणि बेडूककाका कुठले!”

“अगं बाई!” कुमुदिनीबाई म्हणाल्या.

“मशीनसुद्धा विचारत होतं, बॅटरी सापडत नाही, तरी पुढे जायचं का? मी म्हटलं, हो.”

मशीनने ते धमकावून विचारलं असणार, हे ऋजुताला कळलं. सरडेभाऊंनी न वाचता मान हलवली असणार, हेही कळलं. पण आता बोलून उपयोग नव्हता. सुरू झालेला बायोस थांबवणं म्हणजे त्याला मारणंच. आता एकच करता येण्यासारखं होतं. काहीही न करणं.

तिने घागर खाली ठेवली आणि लॅपटॉपसमोर बसली.

“बघा कशी नीट बसलीय,” कुमुदिनीबाई सरडेभाऊंच्या कानात म्हणाल्या. “शिकायची आवड आहे हो.”

४९ टक्के.

ऋजुताचा नवरा श्रीरंग आतून आला. मोठ्यांसमोर नवऱ्याशी बोलायचं नाही, अशी त्या घरात रीत होती. म्हणून ते दोघं एकमेकांना मोबाइलवर निरोप पाठवत. समोरासमोर बसून. घरातल्यांना वाटे, हल्लीची मुलं, सारखी मोबाइलमध्ये.

श्रीरंगच्या मोबाइलवर निरोप आला : कोणालाही काहीही करू देऊ नकोस.

त्याने उत्तर दिलं : काय झालं?

५८ टक्के. आणि पंखा पूर्ण वेगाने सुरू झाला.

बायोस बदलताना पंखा असा सुटतोच. पुस्तिकेत लिहिलं आहे. पण नकुलरावांनी पुस्तिका वाचली नव्हती. त्यांनी फक्त आवाज ऐकला.

फुस्स्स्स.

नकुलरावांच्या मानेवरचे केस उभे राहिले.

त्यांच्याबद्दल एक सांगायला हवं, मुलांनो. नकुलरावांनी तरुणपणी नाग मारले होते. नेमके किती, ते ऐकणाऱ्याच्या वयावर अवलंबून असे. पण मारले होते. पुढे नागांनी वस्ती हलवली. गेली कित्येक वर्षं नकुलराव कोपऱ्यात उन्हाला बसत आणि कोणी विचारलं, काय चाललंय, तर म्हणत, “काही नाही. बसलोय.” हे म्हणताना त्यांचा आवाज जरा बारीक व्हायचा.

फुस्स्स्स.

“पडदा काळा होईल आता,” सरडेभाऊ म्हणाले. “घाबरायचं नाही. जुना बायोस बाहेर पडतो तेव्हा होतं असं.”

बाहेर पडतो, हे नकुलरावांनी ऐकलं. पडदा काळा झाला, हे त्यांनी पाहिलं. आणि तेवढ्यात उत्साहाच्या भरात सरडेभाऊंची शेपटी वायरला लागली.

वायर हलली.

काळी, लांब, चकचकीत. नव्या सुनेच्या मांडीजवळून सळसळत गेली.

“सूनबाई, मागे हो!” असं ओरडून नकुलरावांनी झेप घेतली. काय झेप होती ती! वयाची वीस वर्षं त्यांनी कोपऱ्यातच ठेवली आणि उरलेल्यांनिशी ते उडाले. मानेच्या बरोब्बर मागे दात रुतवले. एकदा झटकलं. दोनदा झटकलं. वायरचे दोन तुकडे.

पंखा थांबला. ओसरीवर एकदम शांत झालं.

“गेला का?” कुमुदिनीबाईंनी पाटावर चढून विचारलं.

“गेला,” नकुलराव धापा टाकत म्हणाले. त्यांच्या मिशा टोकापर्यंत ताठ झाल्या होत्या आणि अजून झिणझिणत होत्या.

मग त्यांनी तोंडातला तुकडा नीट पाहिला. फिरवून पाहिला. त्याला फणा नव्हता.

ते हळूच म्हणाले, “सूनबाई, मला वाटलं...”

 ऋजुताने त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. ते पाणी प्यायले, पण तिच्याकडे बघेनात.

“सरडेभाऊ, आता हो?” कुमुदिनीबाई म्हणाल्या. “अहो, सरडेभाऊ? कुठे गेले हे?”

“इथेच आहे,” भिंत म्हणाली.

सरडेभाऊ भिंतीच्या रंगाचे झाले होते. मातकट, वर एक ओल आल्याचा डाग, सगळं हुबेहूब. हळूहळू ते भिंतीतून सुटून पुढे आले. त्यांनी लॅपटॉपचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मान हलवली.

“मदरबोर्ड जळला. वास येतोय बघा.”

वास नकुलरावांच्या मिशांचा होता.

“आता याच्यात काही राम नाही. मी घेऊन जातो. सुट्या भागांना कामी येईल. वहिनींना माझ्याकडचा दुसरा देतो. हत्तीच्या कचेरीत होता. उत्तम स्थितीत आहे. बटणं तेवढी जरा आत गेलेली आहेत.”

“न्या बाबा,” कुमुदिनीबाई म्हणाल्या. “मेलेलं मशीन घरात ठेवू नये. आणि ऋजुता, तू वाईट वाटून घेऊ नकोस हं. चित्रं काय, कागदावरही काढता येतात.”

बाहेर ऊन कलायला लागलं होतं. जांभळाच्या झाडाची सावली दाराशी आली होती. सावली उंबऱ्याला लागली की सूर्य मावळायला तासभर उरतो, हे नकाशे काढणाऱ्याला माहीत असतं.

सरडेभाऊंनी लॅपटॉपला हात घातला.

आणि ऋजुताने त्यावर पंजा ठेवला.

नुसता ठेवला. पण उचलला नाही. सरडेभाऊंनी ओढून पाहिलं. लॅपटॉप हलला नाही. घरातले सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती कुणाकडेच बघत नव्हती. दुसऱ्या पंजाने मोबाइलवर लिहीत होती.

श्रीरंगचा मोबाइल वाजला. साळिंदरांकडे याच कंपनीचा चार्जर आहे. पळ.

“मी जरा येतो हं, आई,” श्रीरंग म्हणाला आणि पळाला.

“आत्ता कुठे?” कुमुदिनीबाईंनी विचारलं. पण तो बांधापलीकडे गेला होता.

ऋजुताने सरडेभाऊंपुढे पंजा पसरला. काय मागतेय ते सरडेभाऊंना कळलं नाही, पण सवयीने त्यांची मान हलली. एकदा मान हलल्यावर नाही कसं म्हणणार? त्यांनी पेन ड्राइव्ह काढून दिला. अपडेटची फाइल त्यातच होती.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर एक बारीक अक्षरांचा परिच्छेद असतो. बायोस अर्ध्यात मेला तर काय करावं, याबद्दल. फाइलला एक ठरावीक नाव द्यायचं. पेन ड्राइव्ह लावायचा. बॅटरी घालायची, चार्जर लावायचा. मग दोन बटणं दाबून धरून तिसरं, सुरू करायचं बटण दाबायचं. मरताना बायोसने एक कोपरा जिवंत ठेवलेला असतो. तो कोपरा उठतो आणि बाकीच्यांना उठवतो.

ऋजुताने पेन ड्राइव्ह मोबाइलला लावून फाइलचं नाव बदललं. बॅटरी पुन्हा बसवली. मग तिने लॅपटॉप गोधडीवरून उचलून फरशीच्या गार दगडावर ठेवला. उलटा केला. नखाने जाळीतून काहीतरी ओढून काढलं.

लव होती. पुंजकेच्या पुंजके.

कुमुदिनीबाई वाकून बघायला लागल्या. “ही माझी,” त्या म्हणाल्या. “ही श्रीरंगची. आणि अहो, ही पांढरी तुमची!”

मग त्यांनी गोधडीकडे पाहिलं. मग जाळीकडे. मग सुनेकडे. मग गोधडीची घडी करून मागे ठेवली.

श्रीरंग चार्जर घेऊन आला. चार्जरबरोबर साळिंदराचे दोन काटेही आले होते. ते त्याच्या दंडात होते. “जरा घाईत मागितला,” तो म्हणाला.

पेन ड्राइव्ह लागला. वायर लागली. नकुलरावांची नजर पुन्हा तिकडे गेली. त्यांनाही ते कळलं आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. ऋजुताने मात्र धोका पत्करला नाही. ती वायरवर बसली.

दोन पंजांनी दोन बटणं दाबून धरली. तिसरं बटण दाबायला तिसरा पंजा हवा होता.

तिने मान वर केली आणि सासूबाईंकडे पाहिलं.

“मी?” कुमुदिनीबाई म्हणाल्या. “मला नाही बाई कळत त्यातलं काही.”

ऋजुताने हनुवटीने बटण दाखवलं. कुमुदिनीबाईंनी पदर खोचला, देवाचं नाव घेतलं आणि दाबलं.

पंखा फिरला. पडदा काळाच राहिला.

एक मिनिट गेलं. दोन मिनिटं गेली. काळ्या पडद्यासमोर गप्प बसणं हे जंगलातलं सर्वांत अवघड काम आहे, मुलांनो. वाघालाही जमत नाही.

“वहिनी, एकदा बंद करून चालू करा,” सरडेभाऊ म्हणाले.

“फुंकर मारून बघ,” श्रीरंग म्हणाला.

“बटण नीट दाबलं गेलं नसेल,” सरडेभाऊ म्हणाले. “सरका, मी दाबतो.”

“सरडेभाऊ,” कुमुदिनीबाई म्हणाल्या, “तुम्ही तिथे बसा. मान हलवायची तर हलवा. पण बसून.”

सरडेभाऊ बसले. त्यांनी मान हलवली.

सावली उंबरा ओलांडून आत आली. आठवं मिनिट लागलं. ऋजुताचे पंजे अवघडले होते. वायर खालून टोचत होती. तिने एकदाही मान वळवली नाही.

आणि मग पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक बारीकसा पांढरा ठिपका लुकलुकला. कीबोर्ड? आहे. पडदा? आहे. पंखा? आहे.

चला, उठा रे सगळे.

ओसरीवर एवढा गलका झाला की शेजारची साळिंदरीण काटे फुलवून धावत आली. ऋजुताने मात्र आधी नकाशा उघडला. नजरेखालून घातला. एका तळ्याचा निळा रंग जरा गडद केला, कारण त्यात अजून पाणी होतं. आणि पाठवला.

सूर्य टेकडीला टेकला होता. पाणवठा कचेरीतला बगळा एका पायावर उभा राहून दिवसभराची डाक पाहत होता. त्याचं उत्तर सूर्याच्या आधी आलं : पोचला. सोमवारपासून आपण कायम. पुढचा नकाशा उत्तरेच्या ओढ्याचा.

श्रीरंगने ते मोठ्याने वाचून दाखवलं.

“कायम म्हणजे?” कुमुदिनीबाईंनी विचारलं.

“म्हणजे रोजची नोकरी, आई.”

“चित्रं काढायची?”

“नकाशे, आई. पाण्याचे. आपण मागच्या वैशाखात ज्या तळ्याने वाचलो, ते तळं नकाशा बघून तर सापडलं होतं.”

कुमुदिनीबाईंनी उठून चहाचं आधण ठेवलं. 

एव्हाना सरडेभाऊ हिरवे होऊन पिवळ्यावर गेले होते. “बघितलंत? मी म्हटलं नव्हतं? नवा बायोस पडला आणि मशीन गार! हात लावून बघा.”

“झटका लागला म्हणून उठलं ते,” नकुलराव म्हणाले. त्यांचा आवाज आता बारीक नव्हता. “कधीकधी आळसावलेल्याला एक झटका द्यावा लागतो.”

साळिंदरीण म्हणाली की चार्जरचाच पायगुण.

त्या जंगलात एक रीत होती. घरात काही घडलं, तर त्याचं तात्पर्य ठरल्याशिवाय कुणी चहाला हात लावायचा नाही. चहा झाला होता. सुनेच्या नोकरीनिमित्त तोंड गोड करायचं म्हणून कुमुदिनीबाई गूळ काढायला गेल्या, पण हाताला लागल्या चकल्या, म्हणून चकल्या मांडल्या. कपांतून वाफा निघत होत्या. सगळे ताटकळत बसले.

“तात्पर्य,” नकुलराव म्हणाले, “पराक्रम कधी वाया जात नाही.”

“वायर गेली ना पण,” साळिंदरीण म्हणाली. तात्पर्य नामंजूर झालं.

“तात्पर्य,” सरडेभाऊ म्हणाले, “दर वर्षी बायोस अपडेट करून घ्यावा. माझ्याकडून.”

हेही नामंजूर झालं. सरडेभाऊंनी स्वतःच त्यावर मान हलवली, तरीही.

“श्रीरंग, तू सांग.”

“आई म्हणेल ते,” श्रीरंग म्हणाला. त्याचं लक्ष दंडातल्या काट्यांकडे होतं.

चहावर साय धरायला लागली. सगळ्यांनी कुमुदिनीबाईंकडे पाहिलं. त्या घरातलं शेवटचं तात्पर्य नेहमी त्यांचंच असे. त्यांनी तोंड उघडलं. मग मिटलं. आणि सुनेकडे वळून म्हणाल्या,

“तू सांग गं.”

ऋजुता वायरवरून उठली. अंगावरची लव झटकली. चकल्यांचं ताट उचलून तिने सासऱ्यांपुढे धरलं, दोन भरलेले कप सरडेभाऊंच्या दोन्ही हातांत दिले, आणि कुणी मध्ये बोलायच्या आत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात म्हणाली :

“तात्पर्य : ज्याला कळत नाही, त्याचा सल्ला जरूर घ्यावा, घर त्याने हसतंखेळतं राहतं. फक्त सल्ला चालू असेपर्यंत सल्ला देणाऱ्याच्या दोन्ही हातांत गरम चहा द्यावा, घरातल्या शूर वीराच्या तोंडात चकली द्यावी, आणि मशीन तेवढं सुनेच्या ताब्यात द्यावं.”